फायर टीव्ही स्टिकच्या रिमोटने टीव्ही चालू होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गोतावळ्यात टीव्ही, वायफाय आणि गिझर या तिन्हींचा बिनपगारी मेकॅनिक मी आहे. सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीचे: "अरे, त्या काडीच्या रिमोटने टीव्हीच लागत नाहीये." खालचे प्रश्न लोकांनी विचारले जवळजवळ तसेच उतरवले आहेत. उदाहरणं फायर टीव्ही स्टिकची आहेत, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत खुपसून यूट्यूब-सिनेमे दाखवणाऱ्या ॲमेझॉनच्या काडीची, कारण माझ्या वाट्याला बहुतेक वेळा तीच येते. मेनूतली नावं सॉफ्टवेअर अपडेटनंतर थोडी इकडेतिकडे होतात, तेव्हा शब्दाला शब्द जुळला नाही तर घाबरू नका.

याच रिमोटने यूट्यूब लागतं, सिनेमा मागे-पुढे होतो. मग टीव्ही चालू करतानाच काय होतं?

एका रिमोटमध्ये दोन वेगळे निरोपे बसलेले असतात. बाण, होम, बॅक, मेनू, माइक ही बटणं ब्लूटूथने थेट स्टिकशी बोलतात. ब्लूटूथ म्हणजे रेडिओलहरी, त्यामुळे स्टिक टीव्हीच्या पाठीमागे दडलेली असो नाहीतर रिमोट चादरीखाली असो, काम होतं.

पॉवर आणि आवाजाची बटणं सहसा दुसऱ्या निरोप्याकडे असतात, त्याचं नाव इन्फ्रारेड. रिमोटच्या पुढच्या टोकाला एक बारीकसा एलईडी आहे. तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकवतो आणि त्या लुकलुकीत तुमच्या टीव्हीला कळणारा संकेत गुंफलेला असतो. हा संकेत थेट टीव्हीच्या सेन्सरकडे जातो, स्टिकला त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे यूट्यूब चालतंय याचा अर्थ फक्त पहिला निरोप्या कामावर आहे. दुसरा गैरहजर असू शकतो, किंवा हजर असूनही भलत्याच कंपनीच्या टीव्हीची भाषा बोलत असू शकतो.

आणखी एक वाट एचडीएमआयमधूनच जाते. तिला सीईसी म्हणतात, म्हणजे स्टिकने त्या जोडणीतूनच टीव्हीला हुकूम देणं. तिचा प्रश्न खाली वेगळा आहे. तेवढ्यात एक परीक्षा करून बघा. टीव्ही त्याच्या स्वतःच्या रिमोटने चालू करा आणि स्टिकच्या रिमोटवरून आवाज कमी-जास्त करा. टीव्हीचा आवाज बदलला, तर इन्फ्रारेड बहुधा ठीक आहे आणि गडबड पॉवरच्या संकेतात आहे. आवाजही हलला नाही, तर सेल, एलईडी किंवा सेटिंग यांपैकी काहीतरी आहे. साउंडबार जोडला असेल तर मात्र आवाजाचं बटण त्याच्याकडे वळवलेलं असू शकतं, मग ही परीक्षा धरू नका.

माझ्या रिमोटवर पॉवरचं बटणच सापडत नाही. तुटलंय का?

तुटलेलं नाही, ते दिलेलंच नाही. भारतात फायर टीव्ही स्टिक २०१७ साली आली तेव्हा तिच्या रिमोटवर पॉवर आणि आवाजाची बटणं नव्हती. ती २०१८ च्या फोर-के स्टिकसोबत आली. नंतर २०२० मध्ये स्वस्तातली लाइट स्टिक निघाली, तिच्या रिमोटवर ती पुन्हा गायब. त्यावर अलेक्साचं आणि टीव्ही गाइडचं बटण आहे, टीव्ही बंद-चालू करण्याचं नाही.

शेजाऱ्यांकडे चालतं आणि आपल्याकडे नाही, याचं कारण पुष्कळदा इतकंच असतं. लाइटवाल्यांनी एकतर सीईसी सुरू करून घ्यावं, नाहीतर टीव्हीची बटणं असलेला अलेक्सा व्हॉइस रिमोट वेगळा घ्यावा. घेताना तो आपल्या स्टिकला जुळणाऱ्यांच्या यादीत आहे ना, ते आधी वाचा.

सगळ्यात आधी काय बघू?

टीव्हीवरचा लाल दिवा. हसू नका. आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची सवय असते आणि ती चांगलीच आहे. पण वीजच नसेल तर कुठलाच रिमोट टीव्ही उठवू शकत नाही. सकाळी कुणीतरी वायफायचं बटण दाबतं, टीव्हीचं राहून जातं, आणि नातू रिमोटवर हात आपटत बसतो. स्टॅबिलायझर असेल तर त्याचाही दिवा बघा. काही टीव्हींच्या खालच्या कडेला स्वतःचा वेगळा स्विच असतो, फरशी पुसताना फडक्याने तो दाबला गेल्याचंही मी पाहिलं आहे.

दिवा दिसत असेल तर टीव्हीसोबत आलेला मूळ रिमोट शोधा. तो बहुधा सोफ्याच्या फटीत किंवा शोकेसच्या खणात, सेल काढलेल्या अवस्थेत सापडेल. त्याने टीव्ही चालू झाला, तर टीव्ही निर्दोष. तोही निष्प्रभ ठरला, तर स्टिकच्या रिमोटमागे वेळ घालवू नका, थेट शेवटच्या प्रश्नाकडे जा.

लाल दिवा जातो, म्हणजे टीव्ही चालू होतो, पण पडदा काळाच राहतो. हे काय?

मग टीव्ही चालू होतोय! तो दुसऱ्याच पोर्टवर बसलाय. काल रात्री कुणीतरी सेट-टॉप बॉक्सवर बातम्या पाहिल्या, टीव्ही एचडीएमआय १ वर राहिला आणि स्टिक आहे एचडीएमआय २ मध्ये. "नो सिग्नल" असं काहीतरी क्षणभर येऊन जातं आणि माणसाला वाटतं, टीव्ही लागलाच नाही. टीव्हीच्या मूळ रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून स्टिकचं पोर्ट निवडा. "टीव्ही लागत नाही" म्हणून आलेल्या फोनांपैकी कितीतरी इथेच मिटतात, म्हणून मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: दिवा बदलतो का?

सेल बदलायची गरज आहे का? स्टिक तर व्यवस्थित चालतेय.

इथेच बहुतेक जण फसतात. ब्लूटूथला फार थोडी वीज पुरते. इन्फ्रारेडच्या एलईडीला मात्र प्रत्येक दाबाला जोराचा झटका द्यावा लागतो. सेल निम्मे उतरले की पहिला निरोप्या मजेत चालतो आणि दुसरा धापा टाकू लागतो. टीव्हीच्या अगदी जवळ गेल्यावर चालू होतो आणि सोफ्यावरून होत नाही, हे त्याचं ठळक लक्षण.

रिमोटला दोन ट्रिपल-ए सेल लागतात, म्हणजे दुकानात ज्यांना बारीक पेन्सिल सेल म्हणतात ते. दोन्ही एकदम बदला, एकाच कंपनीचे आणि एकाच पाकिटातले. एक नवा आणि एक भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला, ही जोडी चालवू नका. जुना सेल नव्याला ओढत नेतो आणि मग गळतो. शक्यतो अल्कलाइन घ्या. स्वस्तातले झिंक-कार्बन सेल भिंतीवरच्या घड्याळाला उत्तम, पण अशा रिमोटमध्ये लवकर दम टाकतात. रिचार्ज होणारे सेल दीड व्होल्टऐवजी १.२ व्होल्टचे असतात. ते चालतातही, पण तक्रार शोधत असताना ते बाजूला ठेवा, नाहीतर दोष कोणाचा ते कळत नाही.

सेलची स्थिती पडद्यावरही दिसते: सेटिंग्ज, मग कंट्रोलर्स अँड ब्लूटूथ डिव्हायसेस, मग ॲमेझॉन फायर टीव्ही रिमोट्स. तिथे ओके लिहिलं असलं तरी मी एकदा नवे सेल घालून बघतोच.

सेल दातांनी चावून किंवा गॅसजवळ तापवून पुन्हा जिवंत करण्याची विद्या काही घरांत अजून आहे. ती सोडून द्या.

सेलच्या जागी पांढरी-हिरवी पूड साचली आहे. रिमोट गेला का?

बहुतेक वेळा वाचतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात दोन महिने पडून राहिलेल्या रिमोटची ही हमखास गत. सेल काढून टाका, त्यांना पुन्हा वापरू नका. अल्कलाइन सेलची गळती क्षारधर्मी असते, म्हणून कानकोरण्याच्या कापसाला दोन थेंब व्हिनेगर लावून स्प्रिंग आणि पट्ट्या पुसा. नसेल तर लिंबाचा रसही चालतो, पण नंतर ओलसर कापसाने तो आंबटपणा पुसून काढा आणि रिमोट पूर्ण वाळू द्या. धातूवर गंज राहिलाच तर साधं खोडरबर घासा. पूड बोटांना लागली तर हात धुवा, डोळ्यांना लावू नका. स्प्रिंगच तुटून हातात आली असेल तर मात्र नवा रिमोट.

इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही. मग तो निघतोय की नाही, हे कळायचं कसं?

मोबाइलच्या कॅमेऱ्याने. कॅमेरा सुरू करा, रिमोटचं पुढचं टोक भिंगाकडे धरा आणि पॉवरचं किंवा आवाजाचं बटण दाबून ठेवा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर एलईडी जिवंत आहे. पुष्कळ फोनांच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारी गाळणी असते, आयफोनला तर असतेच, म्हणून सेल्फी कॅमेऱ्याने बघा. खोलीत थोडा अंधार केला तर आणखी बरं.

आधी एसीच्या किंवा टीव्हीच्या मूळ रिमोटवर हा प्रयोग करा. त्याचा ठिपका दिसला म्हणजे कॅमेरा भरवशाचा. मग स्टिकच्या रिमोटकडे वळा. बाणांची किंवा होमची बटणं दाबून काही दिसणार नाही, कारण ती ब्लूटूथची. आणि पॉवर दाबूनही ठिपका दिसला नाही, तर लगेच रिमोटला मूठमाती देऊ नका. टीव्हीचं सेटअपच झालेलं नसेल तर रिमोटला काय पाठवायचं हे ठाऊकच नसतं, म्हणून तो गप्प बसतो. पुढचं उत्तर त्यासाठीच.

टीव्हीचं सेटअप पुन्हा कसं करायचं?

टीव्ही मूळ रिमोटने चालू करा. स्टिकच्या पडद्यावर सेटिंग्जमध्ये जा, इक्विपमेंट कंट्रोल निवडा, त्यात मॅनेज इक्विपमेंट, मग टीव्ही, आणि तिथे चेंज टीव्ही. कंपन्यांची यादी येईल, आपली निवडा. मग पडदा सांगतो की पॉवर दाबून टीव्ही बंद करा, साधारण दहा सेकंद थांबा आणि पुन्हा दाबून चालू करा. त्यानंतर विचारतो, झाला का? इथे खरं उत्तर द्या. "नाही" म्हटलंत की तो त्याच कंपनीचा दुसरा संकेत काढतो, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या काळातल्या टीव्हींचे संकेत वेगळे असतात. चार-पाच वेळा "नाही" म्हणावं लागलं तरी कंटाळू नका.

ती दहा सेकंद खरोखर थांबा. टीव्हीला पूर्ण झोपायला वेळ लागतो. घाईने लगेच दाबलं तर बरोबर असलेला संकेतही चुकीचा वाटतो आणि आपण पुढच्यावर जातो. माझ्या आत्याच्या घरी मी स्वतः याच घाईत अर्धी संध्याकाळ घालवली. चौथ्या फेरीला कळलं, पहिलाच संकेत बरोबर होता.

एकदा संकेत ठरला की तो रिमोटमध्येच साठवला जातो. म्हणून स्टिक बंद असली तरी पॉवरचं बटण काम करू शकतं.

यादीत माझ्या टीव्हीची कंपनीच नाही.

लोकल ब्रँडच्या टीव्हीबाबत हे होतंच. नाव दुकानदाराचं असतं आणि आतला बोर्ड दुसऱ्याच कुणाचा. यादीत नाव नसल्याचा पर्याय असतो, तो घेतला की रिमोट एकेक संकेत चाचपत जातो. तेही फसलं तर टीव्हीच्या मूळ रिमोटसारखाच दिसणारा रिमोट ज्या मोठ्या कंपनीचा आहे, तिचं नाव निवडून पाहा. हा रामबाण उपाय नाही, पण बोर्ड एकाच घराण्यातला असेल तर लागतो. नाहीच लागला तर सीईसी.

टीव्ही बंद होतो, पण चालू होत नाही! एकच बटण, एकाच बाजूने कसं चालतं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. याची कारणं वेगवेगळी असतात, घराप्रमाणे.

पहिलं, स्टिकची वीज. पुष्कळ जण स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खुपसतात, प्लग वाचतो म्हणून. टीव्ही बंद झाला की बऱ्याच टीव्हींचं ते यूएसबीही बंद पडतं आणि स्टिक मरते. तुमचं बंद-चालू सीईसीमधून होत असेल, तर टीव्ही बंद करायचा निरोप स्टिकने जिवंतपणी दिला, पण चालू करायचा निरोप द्यायला ती शिल्लकच नाही! डब्यात आलेला ५ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर भिंतीत लावा. टीव्हीचं साधं यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच देतं, त्यामुळे स्टिक अधूनमधून स्वतःच रीस्टार्ट होत असेल तर तेही थांबेल. आणि बोर्डावरचं त्या अडॅप्टरचं बटण चालू राहू द्या.

दुसरं, टीव्हीची गाढ झोप. वीज वाचवण्यासाठी काही टीव्हींत इको किंवा पॉवर सेव्हिंगचा प्रकार असतो. त्यात टीव्ही इतका खोल झोपतो की एचडीएमआयमधून आलेली हाक त्याला ऐकूच येत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये तो पर्याय बंद करून बघा.

तिसरं, संकेत. काही टीव्हींत बंद करण्याचा आणि चालू करण्याचा संकेत वेगळा असतो, काहींत एकच संकेत दोन्हीकडे पलटी मारतो. सेटअपमध्ये बंद झालेलं पाहून आपण खुशीत "हो" म्हणून मोकळे होतो आणि चालू होण्याची वाटच बघत नाही. सेटअप पुन्हा करा, चालू झाल्याशिवाय हो म्हणू नका.

हे सीईसी म्हणजे नेमकं काय आणि सापडतं कुठे?

एचडीएमआयच्या जोडणीत १९ पिना असतात. त्यांतली १३ वी पिन जोडलेल्या उपकरणांना आपापसांत कुजबुजता यावं म्हणून राखलेली आहे. तिच्यावरून स्टिक टीव्हीला सांगू शकते, "ऊठ आणि माझ्या पोर्टवर ये." इन्फ्रारेडला टीव्ही समोर दिसावा लागतो, याला नाही.

गंमत अशी की प्रत्येक कंपनीने त्याचं स्वतःचं बारसं केलं आहे. सॅमसंगच्या टीव्हीत ते एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. बाकीच्यांत सरळ एचडीएमआय कंट्रोल किंवा सीईसी असं असतं. टीव्हीच्या मेनूत ते चालू करा. मग स्टिकच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड साउंड्समध्ये जाऊन एचडीएमआय सीईसी डिव्हाइस कंट्रोल चालू आहे ना ते बघा. दोन्हीकडे चालू हवं, एकीकडचं पुरत नाही.

स्टिक आणि टीव्ही यांच्यामध्ये स्वस्तातला एचडीएमआय स्विच किंवा स्प्लिटर असेल तर तो काढून स्टिक थेट लावून बघा. चित्र आणि आवाज नेताना अशी डबी १३ व्या पिनेची कुजबुज वाटेतच गिळू शकते.

रिमोट टीव्हीकडे नेम धरूनच दाबावा लागतो का?

पॉवरसाठी हो. बाकी बटणांना नेम लागत नसल्यामुळे आपल्याला सवय झालेली असते रिमोट पोटावर ठेवून दाबायची, आणि मग पॉवर चालत नाही म्हणून तो बदनाम होतो. टीव्हीचा सेन्सर बहुधा लाल दिव्याच्या शेजारीच असतो, खालच्या कडेला मध्यावर किंवा कोपऱ्यात. त्याच्यासमोर साउंडबार, फोटोफ्रेम, देवाचा फोटो, गणपतीत लावलेल्या माळा, नव्या टीव्हीवरची न काढलेली प्लॅस्टिक फिल्म असं काही आहे का बघा. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन थेट सेन्सरवर पडत असेल तरी संकेत बुडून जातो. पडदा ओढा आणि पुन्हा दाबा.

ऊन ही रिमोटची जुनी वैरीण आहे. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५५ साली फ्लॅशमॅटिक नावाचा बिनवायरचा रिमोट काढला होता. तो साध्या प्रकाशाचा झोत टीव्हीच्या कोपऱ्यांवर टाकायचा, आणि ऊन पडलं की टीव्ही स्वतःच्या मनाने वागायचा. पुढच्या वर्षी त्यांनी प्रकाश सोडून कानांना न ऐकू येणाऱ्या ध्वनीचा रिमोट आणला.

नवा टीव्ही घेतला, स्टिक जुनीच. आता पॉवर चालत नाही.

रिमोटला अजून जुनाच टीव्ही आठवतोय. चेंज टीव्ही करा, झालं. सुट्टीत स्टिक गावच्या टीव्हीला लावून परत आणली असेल तरी हेच.

रिमोट पूर्णच थंड आहे, एकही बटण चालत नाही.

मग प्रश्न पॉवरचा नाही, जोडीचा आहे. नवे सेल घाला, स्टिकची वीज एक मिनिट बंद करून पुन्हा चालू करा, पडदा आला की होमचं बटण दहा सेकंद दाबून धरा. बऱ्याचदा इथेच जुळतं.

नाही जुळलं तर टीव्हीची बटणं असलेल्या अलेक्सा रिमोटसाठी रीसेट आहे, क्रम चुकवू नका. स्टिकची वीज काढा आणि ६० सेकंद थांबा. डावा बाण, मेनू आणि बॅक ही तीन बटणं एकत्र १२ सेकंद दाबून धरा. सोडा, पाच सेकंद जाऊ द्या, रिमोटमधले सेल काढा. स्टिकला वीज द्या आणि पुन्हा ६० सेकंद थांबा. मग सेल घाला आणि होम दाबा. तीन बटणं एका हाताने धरणं ही कसरत आहे, रिमोट टेबलावर ठेवा.

तोवर काम अडू नये म्हणून फोनमध्ये फायर टीव्हीचं ॲप घ्या. फोन आणि स्टिक एकाच वायफायवर हवेत. ॲपमधून मेनू फिरवता येतो, सेटअपही करता येतं, पण हे ॲप काही इन्फ्रारेड पाठवत नाही. टीव्ही झोपलेला असेल तर त्याला उठवणं स्टिकवर आणि सीईसीवर अवलंबून.

अलेक्साला सांगून टीव्ही लागतो का?

स्टिकला वीज असेल आणि सीईसी चालू असेल तर लागतो. इंग्रजीत सांगा किंवा हिंदीत, अलेक्साला हिंदी २०१९ पासून येतं. माइकचं बटण ब्लूटूथवर चालतं, म्हणून इन्फ्रारेडचा एलईडी गेलेल्या रिमोटसाठी ही चांगली पळवाट आहे.

मध्यरात्री टीव्ही आपोआप चालू होतो. भूत आहे का?

सीईसी आहे. वीज जाऊन आली, स्टिक जागी झाली, तिने टीव्हीलाही उठवलं. ज्या भागात वीज वरचेवर जाते तिथे हा त्रास होतो. टीव्हीच्या मेनूत सीईसीखाली आपोआप चालू होण्याचा वेगळा पर्याय असेल तर तेवढाच बंद करा. नसेल तर सीईसी बंद करून इन्फ्रारेडवर या.

आई-बाबा सांगलीला, मी न्यू जर्सीत. फोनवरून हे कसं सोडवू?

व्हिडिओ कॉल करा आणि कॅमेरा टीव्हीच्या खालच्या कडेवर धरायला सांगा, चेहऱ्यावर नाही. पहिला प्रश्न लाल दिव्याचा. "पॉवर दाबा" असं म्हणू नका, "वरचं गोल बटण, दिव्याकडे बघत एकदाच दाबा आणि दहापर्यंत आकडे मोजा" असं म्हणा. टीव्ही सावकाश उठतो, त्या काळजीने दोनदा दाबतात, आणि दुसऱ्या दाबाने तो पुन्हा बंद होतो. वयस्कर माणसांच्या घरी "टीव्ही लागत नाही"चं हे फार मोठं कारण आहे, आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा टीव्हीच्या मूळ रिमोटमध्ये सेल घालून तो दिसेल अशा जागी ठेवा. स्टिकचं पोर्ट कोणतं ते टीव्हीच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवा. स्टिकच्या अडॅप्टरच्या बटणावर "बंद करू नये" अशी पट्टी लावा. आणि सीईसी तुम्ही स्वतः बसून लावून द्या, ते फोनवर समजावण्यासारखं काम नाही.

दुकानात मिळणारा दुसरा रिमोट घेऊ का?

दोन गोष्टींत गल्लत करू नका. टीव्हीचा मूळ रिमोट हरवला असेल तर त्याची स्वस्त नक्कल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते. तो फक्त इन्फ्रारेडचा असतो, टीव्ही चालू करेल, स्टिक नाही. मॉडेल क्रमांकाचा फोटो घेऊन जा. स्टिकचा रिमोट हवा असेल तर ब्लूटूथ जोडणी, आवाजाची आज्ञा आणि टीव्हीची बटणं तिन्ही आहेत ना, ते पाकिटावर वाचा. हुबेहूब दिसणाऱ्या काहींत माइकचं बटण नुसतं शोभेला असतं.

रेडमी, शाओमीच्या पुष्कळ फोनांत इन्फ्रारेडचा एलईडी असतो. शेजाऱ्यांकडे असा फोन असेल तर पैसे खर्च करण्याआधी त्यातल्या रिमोटच्या ॲपवरून तुमचा टीव्ही चालू करून बघा. झाला, तर टीव्हीचा सेन्सर ठणठणीत आहे आणि नवा रिमोट घेणं वाया जाणार नाही.

टीव्हीचा स्वतःचा रिमोटही चालत नाही. आता?

नवे सेल आणि कॅमेऱ्याची परीक्षा त्याच्यावरही करा. दोन्ही रिमोटचे ठिपके लुकलुकत असतील आणि तरीही टीव्ही ढिम्म असेल, तर टीव्हीचा प्लग काढून दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. वीज कमी-जास्त झाल्यावर टीव्ही अडकून बसतो, तो असा सुटतो. मग टीव्हीच्या खाली किंवा मागे हात घालून त्याचं स्वतःचं बटण चाचपा, बहुतेकांना एक असतंच. त्याने टीव्ही चालू झाला आणि रिमोटने नाही, तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली आहे. मेकॅनिकला फोन करताना "टीव्ही लागत नाही" असं मोघम सांगू नका. "बटणाने लागतो, कुठल्याच रिमोटने नाही, सेन्सर बघा" असं सांगा, म्हणजे तो सुटा भाग घेऊनच येईल आणि तुमची दुसरी फेरी वाचेल.